नाव फुटणार नाही, असं वचन किती द्यावं?

एका वाचकांचं पत्र आलं आहे. ते कायद्याचे पदवीधर आहेत, वकिली करत नाहीत. मुक्त सॉफ्टवेअर (ज्याचा कोड उघडा असतो आणि परवान्याच्या अटी पाळून कोणालाही वापरता, बदलता येतो), त्याचे परवाने आणि सरकारी खरेदी या विषयांवर ते पदरमोड करून मराठीत ऑनलाइन लिहितात. मागे वर्तमानपत्र नाही, संपादक नाही, पत्रकार म्हणून सरकारी अधिस्वीकृतीपत्र नाही. काही महिन्यांपूर्वी एका सॉफ्टवेअर कंपनीतल्या माणसाने त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर काही कागद पाठवले. कंपनीने फुकट मिळणारं एक मुक्त सॉफ्टवेअर उचललं, त्यातल्या मूळ लेखकांच्या नावांच्या ओळी पुसल्या आणि आपला शिक्का मारून ते एका नगरपालिकेला लाखो रुपयांना विकलं, असं त्या कागदांवरून दिसतं. 'तुमचं नाव कधीच बाहेर येणार नाही' असा शब्द देऊन वाचकांनी लेख प्रसिद्ध केला आणि सोबत एका कागदाचा फोटो लावला. आता कंपनीच्या वकिलांची नोटीस आली आहे: सात दिवसांत माहिती देणाऱ्याचं नाव सांगा, लेख काढा, नाहीतर दिवाणी आणि फौजदारी कारवाई करू. वाचक विचारतात: 'सगळे मेसेज पुसून टाकू का? पत्रकार म्हणून मला काही संरक्षण आहे का? मुक्त सॉफ्टवेअरच्या खटल्यांवरची ग्रोक्लॉ ही वेबसाइट चालवणाऱ्या पामेला जोन्स यांनीही शेवटी हात टेकले. मग माझ्यासारख्याने हा उद्योग चालू ठेवावा तरी कशाला?'

नमस्कार,

तुमचं पत्र वाचल्यावर मी आधी त्याला कात्री लावली. वरच्या सारांशात नसलेल्या दोन गोष्टी तुमच्या पत्रात होत्या: त्या माणसाचं कंपनीतलं पद, आणि कागद पाठवले तेव्हा तो कोणत्या सणाला रजा टाकून गावी गेला होता. त्या पदावर तिथे किती जण असतील? दोन, फार तर तीन. त्यांतलं रजेवर कोण होतं, हे एचआरमधला माणूस हातातला चहा संपायच्या आत सांगेल. तुम्ही नाव लिहिलं नव्हतंत, बाकी सगळं लिहिलं होतंत, आणि तेही माझ्यासारख्या परक्याला, साध्या ईमेलने. मी ते पत्र माझ्याकडून पुसलं आहे. तुमच्या पाठवलेल्या मेलमध्ये ते अजून असेलच.

हे टोचून बोलण्यासाठी लिहीत नाही. नाव तोंडातून निघालं नाही म्हणजे माणूस सुरक्षित, असं तुम्ही धरून चालला आहात, आणि तुमचे तिन्ही प्रश्न तिथूनच आले आहेत. माहिती देणाऱ्यांची नावं पत्रकारांच्या तोंडून क्वचितच फुटतात. ती फुटतात कागदातून, तारीखवेळेतून आणि 'हे आणखी कोणाला माहीत असू शकतं?' या साध्या वजाबाकीतून.

अमेरिकेत २०१७ साली रिअ‍ॅलिटी विनर या तरुणीने एका गुप्तचर संस्थेचा अहवाल छापून 'द इंटरसेप्ट' या ऑनलाइन वृत्तसंस्थेला पोस्टाने पाठवला. अहवाल खरा आहे का हे पडताळायला तिथल्या लोकांनी त्याची प्रत सरकारी यंत्रणेलाच दाखवली. कागदावर घडी दिसत होती, म्हणजे कोणीतरी तो छापून बाहेर नेला होता. छापणारे कोण, हे पाहिलं तर सहा जण निघाले. त्या सहांपैकी एकीच्याच ऑफिसच्या संगणकावरून त्या वृत्तसंस्थेशी ईमेल झालेला होता. तपास तिथेच संपला. तिला पाच वर्षं तीन महिन्यांची शिक्षा झाली. या सगळ्यात तिचं नाव कोणीही सांगितलं नव्हतं.

आता तुमच्या लेखातला फोटो बघा. मी बघितला. तळाशी बारीक अक्षरांत छापल्याची तारीख आणि वेळ आहे. तुम्ही वरचं नाव काळं केलंत, खालची ओळ तशीच राहिली. मूळ फाइल फोटो म्हणून आली की डॉक्युमेंट म्हणून, हेही तपासा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलं की त्यातली बरीचशी लपलेली माहिती गळून पडते, डॉक्युमेंट म्हणून पाठवलं की फाइल जशीच्या तशी येते. अशी फाइल कॉम्प्युटरवर घेऊन तिच्या प्रॉपर्टीज उघडल्या की 'ऑथर' आणि 'लास्ट मॉडिफाइड बाय' अशा ओळी दिसतात. ऑफिसच्या लॅपटॉपवर तिथे बहुधा कर्मचाऱ्याचं लॉगिनचं नाव असतं. अशी फाइल तुम्ही कोणाला 'बघून सांग रे' म्हणून पुढे पाठवली असेल, तर वचन तिथेच मोडलं. तुम्हाला पत्ताही नसेल.

आधी नोटिशीचं. वकिलाची नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे. तीत लिहिलेले सात दिवस समोरच्या वकिलाने ठरवलेले आहेत, आणि तेवढ्यात नाव सांगण्याचं कायदेशीर बंधन तिच्यामुळे तुमच्यावर येत नाही. तरीही नोटीस उशाखाली ठेवून झोपू नका. तिला उत्तर द्यायचं, वकिलामार्फत द्यायचं आणि मोजकं द्यायचं. फोनवर कंपनीच्या कोणाशीही बोलू नका. 'समजुतीने घेऊ या' असा गोड फोन हमखास येतो आणि त्या बोलण्यात माणूस नको ते बोलून जातो.

मेसेज पुसण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवा. फौजदारीची धमकी हातात पडल्यावर पुरावा ठरू शकेल असा इलेक्ट्रॉनिक मजकूर नष्ट करणं हा भारतीय न्याय संहितेखाली स्वतंत्र गुन्हा ठरू शकतो. आज जे प्रकरण कंपनीच्या लबाडीचं आहे, ते उद्या तुमच्या लबाडीचं होईल. (तुमचं पत्र मी पुसलं ते मला नोटीस आलेली नाही म्हणून.) फोटो लोकांसमोरून काढायचा आणि मूळ फाइल राखायची, एवढं बहुतेक करता येईल, पण तेही वकिलाला विचारून. न साठवण्याची सवय नोटीस यायच्या आधी लावायची असते. 'आम्ही अमुक दिवसांनी सगळं पुसतो' हा नेहमीचा रिवाज असेल तर गोष्ट वेगळी.

दुसरा प्रश्न, संरक्षणाचा. गोड बोलून उपयोग नाही: भारतात पत्रकाराला माहिती देणाऱ्याचं नाव राखण्याचा हक्क देणारा स्वतंत्र कायदा नाही. १९७८ च्या प्रेस कौन्सिल कायद्याचं कलम १५(२) पुष्कळ जण पुढे करतात. ते कलम म्हणतं की प्रेस कौन्सिल कोणाही पत्रकाराला सूत्र, म्हणजे माहिती देणारा कोण ते, उघड करायला भाग पाडणार नाही. कौन्सिलपुरतं ते ठीक आहे, कोर्टाला किंवा पोलिसांना ते बांधत नाही. विधी आयोगाने १९८३ साली, आपल्या ९३ व्या अहवालात, पुरावा कायद्यात असं कलम घाला म्हणून सांगितलं होतं. जुना पुरावा कायदा गेला, नवा भारतीय साक्ष्य अधिनियम आला, पण ते कलम काही आलं नाही. जानेवारी २०२३ मध्ये दिल्लीच्या राऊज अव्हेन्यू न्यायालयाने सीबीआयचा एक क्लोजर रिपोर्ट (तपास बंद करण्याचा अहवाल) फेटाळताना स्पष्टच म्हटलं की तपास यंत्रणेला सूत्र न सांगण्याची कायदेशीर सूट पत्रकारांना नाही.

दुसरी बाजूही आहे. पेगॅसस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरच्या प्रकरणात २७ ऑक्टोबर २०२१ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने सूत्रांचं संरक्षण ही वृत्तपत्रस्वातंत्र्याची मूलभूत अट असल्याचं म्हटलं. ते वाक्य तुमच्या वकिलाच्या कामी येईल. पण ते वाक्य खिशात ठेवून रात्री निर्धास्त झोपावं, इतका त्याचा आधार धरू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली पोलीस किंवा कोर्ट फोन, लॅपटॉप आणि त्यांतला मजकूर हजर करायला सांगू शकतात. या नव्या संहितेत संपर्काची साधनं हा शब्दच घातला आहे.

अधिस्वीकृतीपत्र नाही म्हणून तुम्ही स्वतःला कमी लेखता आहात, ते मात्र सोडा. कॅलिफोर्नियात याच मुद्द्यावर भांडण झालं होतं. अ‍ॅपलच्या बाजारात न आलेल्या एका उपकरणाची बातमी काही वेबसाइटांनी फोडली. २००४ च्या डिसेंबरात अ‍ॅपलने अज्ञात व्यक्तींवर दावा लावला आणि आतला माणूस कोण हे शोधायला थेट एका वेबसाइटच्या ईमेल सेवेकडे समन्स नेलं. खालच्या कोर्टाने परवानगी दिली. २६ मे २००६ ला अपील कोर्टाने ती फिरवली. बातमी गोळा करून लोकांपर्यंत पोचवणारा ऑनलाइन असला तरी पत्रकारच, असं कोर्टाने धरलं, आणि बाहेरच्यांना वेठीला धरण्याआधी आपल्या घरात नीट चौकशी केली होती का, असंही अ‍ॅपलला सुनावलं. तो निकाल तिकडचा, आपल्याकडे तो बांधील नाही. पण कंपन्या कोणत्या वाटेने येतात ते त्यातून कळतं. तुमच्या दारावर धक्का देण्यापेक्षा ईमेलवाल्याचं दार सोपं. आपल्याकडेही अज्ञात प्रतिवादीविरुद्ध दावे लागतात. त्यांत कोर्ट जे आदेश देतं त्यांना 'अशोक कुमार' आदेश म्हणतात.

वकिलाशी झालेलं बोलणं मात्र कायद्याने गोपनीय आहे. पत्रकाराला जे कवच नाही ते वकिलाच्या अशिलाला आहे, आणि तुम्ही अशील होऊ शकता.

आता ग्रोक्लॉ. 'हात टेकले' या शब्दाशी माझं भांडण आहे. ज्यांना ही गोष्ट ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मार्च २००३ मध्ये युटा राज्यातल्या एससीओ कंपनीने आयबीएमवर १ अब्ज डॉलरचा दावा ठोकला. युनिक्स या संगणक चालवणाऱ्या जुन्या प्रणालीवरचे हक्क आमचे आणि आयबीएमने तो माल लिनक्स या मुक्त प्रणालीत घातला, असं त्यांचं म्हणणं. पुढे दाव्याची रक्कम वाढत ५ अब्जांपर्यंत गेली आणि लिनक्स वापरणाऱ्यांकडूनही लायसन्सचे पैसे मागणं सुरू झालं. मुक्त सॉफ्टवेअर वापरणारा जो तो धास्तावला. २००३ च्याच मे महिन्यात पामेला जोन्स नावाच्या पॅरालीगल (वकिलांना कायद्याच्या कामात मदत करणाऱ्या) बाईंनी ग्रोक्लॉ सुरू केलं. वाचक त्यांना पीजे म्हणत.

त्यांनी काय केलं, हे तुम्ही नीट आठवा, कारण तुमच्या कामाचं उत्तर तिथे आहे. कोर्टात दाखल झालेला प्रत्येक कागद मिळवायचा. स्कॅन केलेल्या प्रतीतून शोधता येत नाही, म्हणून वाचकांनी तो हाताने टाइप करून मजकुरात आणायचा. खटला चालू होता त्या सॉल्ट लेक सिटीत राहणाऱ्या वाचकांनी सुनावणीला जाऊन बसायचं आणि वही भरून आणायची. प्रोग्रॅमरांनी कोड समजावायचा, पीजेंनी कायदा. वीस-वीस वर्षांपूर्वीचं युनिक्स लिहिणारी माणसं येऊन सांगायची की ही ओळ कुठून आली.

तो ग्रीक अक्षरांचा किस्सा मला फार आवडतो. ऑगस्ट २००३ मध्ये लास वेगासला आपल्या परिषदेत एससीओने पडद्यावर चोरीचा म्हणून कोड दाखवला. गुपित फुटू नये म्हणून काही भाग ग्रीक फॉन्टमध्ये टाकला होता. फॉन्टच तो, अक्षरांचं रूप बदललं, मजकूर तोच. एका जर्मन प्रकाशनाने पडद्याचे फोटो छापले, लोकांनी ग्रीक अक्षरांच्या जागी इंग्रजी अक्षरं बसवली, आणि कोड कुठला ते निघालं: जुन्या युनिक्समधला, एससीओच्याच पूर्वावताराने आधी खुल्या परवान्याखाली सोडून दिलेला. त्यासाठी कोणा आतल्या माणसाने नोकरी पणाला लावली नव्हती. उघड्यावर असलेल्या गोष्टीकडे ज्यांना कळतं अशा माणसांनी नीट पाहिलं, इतकंच.

सप्टेंबर २००७ मध्ये एससीओने दिवाळखोरीचा अर्ज केला. ३० मार्च २०१० ला ज्यूरीने सांगितलं की युनिक्सचे कॉपीराइट एससीओकडे कधी आलेच नव्हते, ते नोव्हेल या दुसऱ्या कंपनीचे होते. आयबीएमबरोबरचं भांडण रेंगाळत रेंगाळत २०२१ साली १ कोटी ४२ लाख ५० हजार डॉलरला मिटलं. ५ अब्ज कुठे आणि हे कुठे.

मग २० ऑगस्ट २०१३ ला ग्रोक्लॉ बंद का झालं? त्या उन्हाळ्यात एडवर्ड स्नोडेनमुळे अमेरिकी पाळतीचा आवाका जगाला कळला होता. ८ ऑगस्टला लॅव्हाबिट ही ईमेल सेवा तिच्या मालकाने बंद केली. सरकारला कुलपाची किल्ली द्यायची किंवा दुकान बंद करायचं, असा पेच होता, हे नंतर उघड झालं. पीजेंचं म्हणणं साधं होतं: माझं काम वाचकांशी ईमेलवर चालतं, ईमेल खाजगी राहील असं मी आता कोणाला सांगू शकत नाही, आणि ईमेलशिवाय हे चालवायचं कसं ते मला ठाऊक नाही. कोणाचं नाव फुटलं नव्हतं, खटलाही हरलेला नव्हता. जे वचन पाळता येणार नाही ते त्यांना द्यायचं नव्हतं. मला हा निर्णय सचोटीचा वाटतो. थोडा घाईचाही वाटतो, पण ते इथे बसून म्हणणं सोपं आहे. त्यांच्या स्वतःच्या खाजगीपणावर २००५ साली घाला पडला होता. त्यांचं घर, वय, कुटुंब शोधून काढल्याचा दावा करणारा लेख एका पत्रकार बाईंनी छापला होता, आणि गदारोळ झाल्यावर प्रकाशकाला तो काढावा लागला. ज्याच्या दारापर्यंत कोणी येऊन गेलंय, त्याचा हिशेब वेगळा असतो.

तुमचा पेच त्यांच्याहून लहान आहे, आणि म्हणून सुटण्यासारखा आहे. त्यांच्यामागे शेकडो माणसांचा पत्रव्यवहार होता. तुमच्याकडे एक माणूस आणि एक बातमी आहे. आणि ती बातमी त्या माणसाच्या कागदावर उभी राहायची मुळात गरज आहे का, हा प्रश्न तुम्ही स्वतःला विचारलेला दिसत नाही.

त्याआधी एक अडचणीचा प्रश्न: चोरी झाली आहे हे नक्की का? 'फुकटचं सॉफ्टवेअर लाखोंना विकलं' हे तुमच्या लेखाचं मुख्य वाक्य आहे. मुक्त सॉफ्टवेअर विकणं हा गुन्हा नाही. जीपीएल हा मुक्त सॉफ्टवेअरचा नेहमीचा परवाना तर पैसे घेऊन विकायला उघड परवानगी देतो. तो मागतो ते इतकंच की ज्याला प्रत दिली त्याला सोर्स कोडही (प्रोग्रॅमरने लिहिलेला मूळ मजकूर) मिळाला पाहिजे, मूळ लेखकांची नावं आणि परवाना तसाच राहिला पाहिजे, आणि पुढे वाटण्याचं स्वातंत्र्य त्यालाही असलं पाहिजे. एमआयटी किंवा बीएसडी हा सैल परवाना असेल तर कोड बंद करून विकला तरी चालतं, फक्त नावाच्या ओळी ठेवाव्या लागतात. आणि सॉफ्टवेअर कंपनीच्याच सर्व्हरवर चालत असेल, नगरपालिकेला नुसतं लॉगिन दिलं असेल, तर साध्या जीपीएलच्या दृष्टीने प्रत दिलीच गेली नाही. ती पळवाट बुजवायला एजीपीएल नावाचा वेगळा परवाना काढावा लागला. तुमच्या प्रकरणातला परवाना कोणता, त्याची कोणती आवृत्ती आणि प्रत कोणाच्या यंत्रावर आहे, या तीन गोष्टी तुमच्या लेखात नाहीत. कंपनीच्या वकिलाला त्या दिसल्या असणार. नाव मागण्याचा जोर त्यामुळेच वाढला असेल, कारण लेख कच्चा असला की लेखकाला घाबरवणं सोपं जातं.

हे पक्कं करायला आतला माणूस लागत नाही. त्याने विहिरीची जागा दाखवली. पाणी तुम्हाला खणूनच काढावं लागेल, आणि ते पाणी त्याचं म्हणून ओळखू येणार नाही. निविदेची कागदपत्रं महाटेंडर्स या राज्य सरकारच्या निविदांच्या संकेतस्थळावर बघा. 'मूळ उत्पादन आमचं' किंवा 'सोर्स कोडची मालकी' असं कंपनीने लिहून दिलं असेल तर खरी बातमी ती आहे, कारण ते नगरपालिकेला दिलेलं खोटं आश्वासन ठरेल. करारनामा, स्वीकृत निविदा आणि देयकं माहिती अधिकारात मागा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा. कारण सांगावं लागत नाही. कलम ८(१)(ड) खाली व्यापारी गोपनीयतेचं निमित्त येईल, त्याला सार्वजनिक हिताचं उत्तर त्याच कलमात आहे.

अर्ज लिहिताना मात्र सांभाळा. 'अमुक मॉड्यूलच्या तमुक बैठकीचं इतिवृत्त द्या' असं विचारलंत की कंपनीत पुन्हा वजाबाकी सुरू होईल, कारण त्या बैठकीला होते तरी किती? अर्ज पसरट ठेवा. पाच वर्षांतली सगळी सॉफ्टवेअर खरेदी मागा आणि हवा तो करार त्यातून वेचा. अर्ज त्या माणसाने करायचा नाही, त्याच्या बायकोने किंवा मेहुण्याने तर नाहीच. तुमच्या नावाने करा. माहिती अधिकारात अर्जदाराचं नाव झाकलेलं राहत नाही, आणि तळेगावचे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांची २०१० साली झालेली हत्या आपल्याकडे कोणी विसरलेलं नाही. त्यामुळे घरी आधी बोला, आणि शक्य असेल तर आणखी एका-दोघांना सोबत घेऊन वेगवेगळे अर्ज टाका.

सॉफ्टवेअर स्वतःही बोलतं. नागरिकांसाठी खुल्या असलेल्या पानाचा कोड ब्राउझरमध्ये कोणालाही बघता येतो. जावास्क्रिप्टच्या फाइलींची नावं, चुकीच्या संदेशांचं शब्दांकन, मूळ लेखकाने केलेली शुद्धलेखनाची चूक जशीच्या तशी उतरलेली असणं, अशा खुणा मूळ प्रकल्पाशी ताडून पाहा. नावाच्या ओळी पुसणारा माणूस शुद्धलेखन तपासत नाही. पण उंबरठा ओलांडू नका. जिथे लॉगिन लागतं तिथे दुसऱ्याच्या पासवर्डने शिरलात तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ आणि ६६ तुमच्यावरच येईल. एवढं झालं की मूळ प्रकल्पाच्या लेखकांना कळवा. परवाना मोडल्याचा दावा लावायचा हक्क मुख्यतः त्यांचा आहे. जर्मनीत हराल्ड वेल्टे या लिनक्स प्रोग्रॅमरने २००४ साली म्युनिकच्या कोर्टातून एका राउटर कंपनीविरुद्ध याच कारणासाठी मनाई मिळवली होती.

हे सगळं जमल्यावर नवा लेख लिहा, ज्यात त्या माणसाचा एकही कागद नाही आणि 'सूत्रांनी सांगितलं' हा शब्दही नाही. कंपनीला तुमच्यावर दावा लावायचा असेल तर तिला मग स्वतःच्याच निविदेशी भांडावं लागेल.

राहता राहिला तो माणूस. त्याला आणखी कागद मागू नका, एकही नको. तो त्याचा करार मोडतोय, आणि मागून मिळवलेल्या कागदात तुम्हीही ओढले जाल. जागल्यांच्या (गैरप्रकार उघड करणाऱ्यांच्या) संरक्षणाचा २०१४ चा कायदा संसदेने केला पण अंमलात आणला नाही, आणि आणला असता तरी खाजगी कंपनीतल्या नोकराला त्याचा फारसा उपयोग नव्हता. म्हणजे त्याच्या पाठीशी कायदा नाही, फक्त तुम्ही आहात, आणि तुम्ही किती पुरे पडाल हे त्याला खरं खरं कळायला हवं. 'तुमचं नाव कधीच बाहेर येणार नाही' हा शब्द तुमच्या हातातला नव्हताच. तुमच्या हातात होतं ते असं: मी स्वतःहून सांगणार नाही, कोर्टाने विचारलं तर वकील लावून विरोध करीन, कोर्टाने सक्ती केली तर अमुक टप्प्यापर्यंत जाईन, आणि तुमच्या कंपनीला तुमच्या लॅपटॉपवरून काय दिसतं ते मला माहीत नाही. एवढं ऐकूनही तो बोलायला तयार असता तर तो त्याचा निर्णय. कदाचित नसता, आणि तुमची बातमी महिनाभर उशिरा आली असती.

त्याच्याशी बोलायचं तर व्हॉट्सअ‍ॅपवर नको, कंपनीच्या फोनवर नको, ऑफिसच्या वायफायवर तर अजिबात नको. सिग्नल हे मेसेजचं अॅप बरं: तिथे २०२४ पासून नंबर न दाखवता युजरनेम देता येतं आणि मेसेज आपोआप पुसले जाण्याची वेळ लावता येते. तेही या नोटिशीबाबत वकिलाला विचारल्यावरच लावा. मोठ्या वृत्तसंस्था सिक्युअरड्रॉप नावाची, नाव न सांगता कागद पाठवता येतील अशी व्यवस्था ठेवतात. एकट्या माणसाला ती सांभाळणं झेपत नाही, आणि अर्धवट सांभाळलेली व्यवस्था नसलेलीच बरी. 'मी सगळं मुक्त सॉफ्टवेअर वापरतो, त्यामुळे चिंता नाही' असं तुम्ही पत्रात म्हटलं आहे. कोड उघडा असल्याने त्यात चोरदार आहे का हे तपासता येतं, हे खरं. पण सिमकार्ड तुमच्या आधारवर आहे, आणि सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांनंतर व्हीपीएन (इंटरनेटवरचा आपला माग झाकणारी सेवा) देणाऱ्यांना इथे ग्राहकांच्या नोंदी पाच वर्षं ठेवायला सांगितलेल्या आहेत. लिनक्स लावल्याने हे बदलत नाही. प्रत्यक्ष भेट शक्य असेल तर भेटा, आणि फोन घरी ठेवून जा. दोघांचेही.

वकील कसा शोधायचा हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण पत्रावरून पैशाची ओढाताण दिसते. दिल्लीतल्या एसएफएलसी डॉट इन आणि इंटरनेट फ्रीडम फाउंडेशन या संस्था नेमक्या याच विषयांत काम करतात. त्यांना लिहून पाहा. उत्पन्न मर्यादेत बसत असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. तो या विषयातला नसला तरी नोटिशीला चार ओळींचं उत्तर द्यायला पुरेसा आहे. पहिल्या मेलमध्ये फक्त नोटीस आणि लेख पाठवा. त्या माणसाचं पद, रजा, सण यातलं काही लिहू नका. वकिलाने वकालतनामा घेतल्यावर, समोर बसून, त्याने विचारलं तरच सांगा.